टेबलावर मांडून दाखव

केळुसकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या कारखान्यात होते. आमच्या वर्गातला प्रदीप पलीकडून ओरडत होता, "अगं, सर गेले... आपले सर!" मशीनच्या आवाजात त्याला ते दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर मी मशीन बंद करायला सांगितलं. त्याला आता महिना होऊन गेला. रडून झालंय. आज मला सरांबद्दल जरा मिरवायचं आहे.

ऐंशीच्या दशकात आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर यंत्रांची कंपनं शिकवायचे. वर्गात त्यांचा असा दरारा, की खोकलासुद्धा आम्ही गिळायचो. शनिवारी दुपारी मात्र हेच सर पार्ल्यातल्या एका उडप्याकडे कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेले असायचे. ज्याला यायचंय त्याने यावं. मी वर्गात एकटी मुलगी, त्यात मराठी शाळेतली. तोंडी परीक्षेत इंग्रजी शब्द घशातच अडकायचे. त्या टेबलाचा नियम एकच: सूत्र म्हणायचं नाही, टेबलावर जे असेल त्यातून समजावायचं आणि तोवर कॉफीला तोंड लावायचं नाही. "सूत्र काय, पोपटही म्हणेल," सर म्हणायचे. "मांडून दाखव." कॉफी बहुतेक वेळा गारच प्यायचो आम्ही.

एकदा प्रदीप काउंटरवरून काठोकाठ भरलेले कप घेऊन आला आणि टेबलापर्यंत पोचेतो अर्धी कॉफी बश्यांत. सर एकदम खूश.

"का सांडली, सांगा."

"धांदरट आहे तो," मी म्हटलं.

"ते आहेच गं. पण हळू चालला असता तर?"

अख्खी दुपार त्यातच गेली. कपातल्या कॉफीला स्वतःचा एक झोका असतो. चालणाऱ्याची पावलं त्या झोक्याशी जुळली की ती उसळते. यंत्रांचंही तसंच असतं... हे मला त्या दिवशी जे समजलं, ते कायमचं.

पास झाले आणि मुलाखती सुरू झाल्या. "मुलगी? मशीनवर? सोय नाही हो आमच्याकडे." जाईन तिथे हेच. शेवटी बाबांनी सांगून टाकलं, की साकीनाक्याच्या कारखान्यातली मुलाखत झाली, की मुकाट बँकेच्या परीक्षेला बसायचं. मला बँक नको होती. मला यंत्रंच हवी होती.

तिथल्या मॅनेजरांनी इंग्रजीत विचारलं, "आमचा एक पंप ठरावीक वेगालाच थरथरतो. त्याहून कमी वेगाला नाही, जास्तीलाही नाही. का?" उत्तर डोक्यात लख्ख, पण इंग्रजी काही जुळेना. ते घड्याळाकडे बघायला लागले. त्यांच्यासमोर नुकताच आलेला चहा होता. मी सरळ तो कप ओढला. सावकाश हलवला, चहा शांत. अगदी भरभर हलवला, नुसता शहारला. मग मधला वेग धरला, आणि चहा उसळून थेट साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर!

वाट लागली, म्हटलं. पण आता मागे काय फिरायचं? "तुमचा पंप हेच करतोय, सर," मी चक्क मराठीत म्हणाले. "वेग बदला, नाहीतर त्याची बैठक घट्ट करा."

साहेब शर्ट पुसता पुसता हसायला लागले. "सोमवारपासून ये. माझ्या चहाला मात्र हात लावायचा नाही."

नेमका शनिवार होता. तिथून मी तडक पार्ल्याला गेले. सर नव्या मुलांना घेऊन बसले होते. धापा टाकत मी सगळं सांगितलं. अभिनंदन वगैरे काही नाही. सर उठले आणि आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस. या पोरांना शिकव."

"सर, तुमची खुर्ची..."

"अगं, बस ना! मला आज कॉफी गरम प्यायचीय."

त्या दिवशी मी जिंकले. आणि माझ्याहून जास्त सर जिंकले, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

गेल्या शनिवारी माझ्या कारखान्यातल्या नव्या इंजिनिअर मुलीला मी त्या हॉटेलात घेऊन गेले. एका मशीनच्या थरथरीवरून आमचं दोघींचं पटत नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी सरांची खुर्ची मी तिच्याकडे सरकवली, तर ती उभीच राहिली. "मॅडम, ही कोणाची जागा नाही ना?"

"माझ्या सरांची होती," मी म्हटलं. "बस तू."

ती बसली, पाण्याचे दोन ग्लास पुढे ओढले आणि माझं काय चुकतंय ते मला समजावून सांगायला लागली.