एकाच चुलीवरचं रक्त

पळसदरीच्या त्या दोघींची नावं सांगायची मला मुभा नाही. आमच्या प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशींना पुन्हा बाळपणी नेतात, मग त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी वाढवतात. माणसागणिक त्या वेगळ्या वागतात, म्हणून या दोघी जावांचं रक्त घ्यायला मी त्यांच्या घरी गेले होते. धाकटीनं दिलं. सुई बघून थोरलीनं हात पदरात लपवला.

"हिचंच दोनदा घे गं. एकाच चुलीवरचं खातो आमी."

माझ्या घरातली पहिली पदवीधर मी, ऐटीत म्हणाले, "मावशी, चूल एक, पण माहेरं दोन. रक्त वेगळंच."

"माझ्या पेशी हट्टी निघाल्या तर?"

"निगतीलच," धाकटी हसली.

थोरलीनं तिच्याकडे बघत झटकन हात पुढं केला.

"घे गं! हिच्याहून गुणी निघाल्या, तर सासूला सांगून जा."