काकांचे मासे आणि काकूंची चैत्रगौर

आयुष्यात एकदाही समुद्र न पाहता समुद्राची काळजी वाहणारा माणूस झाशीत एकच होऊन गेला, आणि ते माझे काका. सीपरी बाजारातल्या त्यांच्या घरात कूलर एकच, आणि त्याचं तोंड माशांच्या टाकीकडे. मे महिन्यात काका-काकू घामाने निथळत, आणि पांढऱ्या पट्ट्यांची ती केशरी क्लाउनफिशची जोडी गारव्यात. दिल्लीहून मागवलेलं मीठ बादलीत कालवताना काकांशी कुणी बोलायचं नाही. काकू म्हणत, "माझ्या आमटीत मीठ आहे की नाही, ते कधी पाहिलंत का इतकं?" शेजारच्या किराणावाल्याने एकदा विचारलं, "चाचाजी, ये खाने की हैं या देखने की?" तेव्हापासून काका साखरसुद्धा लांबच्या दुकानातून आणत.

माशांचा संसार त्यांना स्वतःच्या संसारापेक्षा बारकाईने कळे. "मोठी ती मादी. घर तिचं. नर लहान, तो मुकाट मार खातो." मादी टाकीत ठेवलेल्या मातीच्या कुंडीवर अंडी घाली, मग नर दिवसभर त्यांना पंखांनी वारा घाली, तोंडाने साफ करी, खराब झालेली खाऊन टाकी. पहिल्या खेपेला त्याने सगळीच खाल्ली. मी तोंड वाकडं केलं, तर काका म्हणाले, "नवा आहे, शिकेल." त्या दिवसांत टाकीत हात घातला की मादी चावे. बोटावरचा ओरखडा पाहुण्यांना दाखवत काका म्हणत, "बाळंतिणीच्या खोलीत मी शिरलोच कशाला!"

एका हिवाळ्यात काकू गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात वीज गेली ती दिवसभर आली नाही, आणि मादीही गेली. उरलेल्या नराला सोबत म्हणून काकांनी एक लहान नर आणला आणि खुर्ची टाकून महिनोन् महिने बघत बसले. जुना नर दांडगा झाला, नव्याला धाकात ठेवू लागला, आणि एक दिवस कुंडीवर अंडी दिसली. त्यानेच घातलेली. या माशांत मादी मेली की नरच मादी होतो, हे काकांनी वाचलं होतं. तरी फोनवर मला ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. "अरे, तिची जागा त्याने घेतली!"

पुढच्या चैत्रात काकांनी काकूंचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू स्वतः करायचं ठरवलं. झाशीतल्या मोजक्या मराठी घरांत जाऊन बायकांना आमंत्रणंही दिली. "मी कुणाच्या कपाळाला हात लावणार नाही. करंडा पुढे करीन, त्या एकमेकींना लावतील." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक हसतील, आणि पुतण्या म्हणून मलाही हसतील. मी गुपचूप घरोघर फोन केले, "काकांची तब्येत बरी नाही, येऊ नका." हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी तिथेच बसलो होतो. आंब्याची डाळ काकूंसारखी जमली नव्हती, पण पातेलंभर होती. पन्ह्याचे पेले ओळीने मांडले होते. काका दाराकडे बघत होते, मी टाकीकडे.

"कुणीच कसं आलं नाही रे?"

"ऊन फार आहे, काका."

"हो. ऊन आहे खरं."

डाळ फ्रिजमध्ये गेली. सकाळी काका तिचे डबे भरून ऑटोने एकेका घरी गेले. "आता बरं वाटतंय ना? तुमचा पुतण्या म्हणत होता," असं दारोदार कुणीतरी विचारलंच असणार. शेवटचा डबा घेऊन ते माझ्याकडे आले. ते आता बोलतील म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो. काका एवढंच म्हणाले, "अंड्यांत डोळे दिसायला लागलेत. उद्या अंधार पडला की पिल्लं सुटतील. ये बघायला."

मी गेलो नाही. हळदीकुंकू त्यांनी पुन्हा केलं नाही. मात्र पुढे मी केव्हाही गेलो, तरी काही विचारायच्या आत ते दारातूनच सांगत, "तब्येत उत्तम आहे हो माझी." त्यात टोमणा नसे. मला पुन्हा खोटं बोलावं लागू नये, एवढीच काळजी असे.