दादाच्या गाडीची बॅटरी बदलली तेव्हा

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही. विषय तिकडं वळायला लागला की मी उठून पाणी प्यायला जायचो. आता दादा नाही, आणि घरात त्याच्याबद्दल बोलताना हमखास म्हणतात, "शेवटी शेवटी कान गेले बिचाऱ्याचे." ते खरं नाही. आणि कान गेल्याचं पहिल्यांदा मीच बोललो होतो.

दादा माझा थोरला भाऊ. आमचं गाव घनसावंगीच्या पुढं. तिथं तो मोसंबीची बाग बघायचा आणि भजनी मंडळात पेटी वाजवायचा. मी जालन्यात वीज कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालो. लहानपणीच्या दुखण्यात त्याचा डावा कान गेला होता, सगळी भिस्त उजव्यावर. उतारवयात त्यानं एक जुनी गाडी घेतली. ती फिरायची कमी, अंगणात लिंबाखाली उभी जास्त. संध्याकाळी काचा वर करून तो आत बसायचा आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं मंडळाचं भजन पेनड्राइव्हवरून ऐकायचा. कोण कुठं सूर सोडतो ते हेरून ठेवायचा आणि पुढच्या बैठकीत त्याची हजेरी घ्यायचा.

गाडीतल्या टेपचा आवाज त्याच्या मुलीनं त्याला बसवून दिला होता. पुण्याहून आली होती, तेव्हा बापलेक दुपारभर गाडीत बसून होते.

"बाबा, आता?"

"पखवाज लई आंगावर येतो."

"आता?"

"हां. अजून जरासा मागं सार."

असं करत तिनं सगळा आवाज उजव्या दाराच्या स्पीकरकडं आणला, खालची धमधम काढली, शब्द वर आणले. दादा खूश. वहिनींना म्हणाला, "आता तू पुटपुटलेलं बी ऐकू येईल."

"गाडीत बसून पुटपुटायला मला सवड न्हाई," वहिनी म्हणाल्या.

पुढं गाडीची बॅटरी गेली. मी जालन्याहून नवी घेऊन गेलो. दादा मेकॅनिकला बोलावू म्हणाला, तर मीच नको म्हणालो. बॅटरी काढली की गाडीचं घड्याळ आणि टेपचा बसवलेला आवाज पुसला जातो. तसं होऊ नये म्हणून दुसरी लहान बॅटरी गाडीच्या तारांना आधी जोडून ठेवायची आणि मगच जुनी काढायची. हे मला पक्कं माहीत होतं. मी फवारणीच्या पंपाची बॅटरी काढून आणली आणि चिमटे लावून जोडली.

दादा वाकून बघत होता. "पोरीनं बसवलेला आवाज जाणार न्हाई ना?"

"काही जात नाही."

"ह्यो चिमटा ढिला हाय. सुतळी आणतो, बांधून घे."

"दादा, जन्म गेला माझा तारा जोडण्यात. तू मोसंबीचं बघ."

"बरं बाबा, साहेब," तो हसला आणि बागेतली मोटर बंद करायला गेला.

जुनी बॅटरी उचलताना तार हलली आणि तोच चिमटा निसटला. उघड्या दारातून मला गाडीतलं घड्याळ दिसत होतं, ते विझलं. मी चिमटा परत लावला, नवी बॅटरी बसवली आणि सगळ्यात आधी मनगटावरचं घड्याळ बघून गाडीचं घड्याळ लावलं. का, तर दादा आला की पहिल्यांदा तेच बघणार. टेपची बटणंही दाबून पाहिली, पण पुतणीनं काय कुठं केलं होतं ते मला सापडेना. तेवढ्यात तो आलाच.

आत बसला. भजन लावलं. आवाज वाढवला, कमी केला, डोकं उजव्या दाराकडं नेलं.

"शब्द कळून न्हाई राह्यले रे. गेलं का काय सगळं?"

मी म्हणालो, "घड्याळ बघ ना, चालू आहे. काही गेलेलं नाही. आवाज तोच आहे दादा. तुझा कान कमी झाला असेल."

वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला ते फार मोठं वाटलं नाही. वाटलं, दिवाळीला पोरगी येईल, परत बसवून देईल. दादानं डोकं दारापासून मागं घेतलं. मग म्हणाला, "आसंल. वय झालं." आणि टेप बंद केला.

पुढच्या बैठकीला त्यानं पेटी दुसऱ्याकडं दिली. पुतणीचा मला फोन आला, "काका, बाबांनी पेटी सोडली म्हणे. सूर चुकला तर मला कळायचं न्हाई, म्हणतात. काय झालं?" मी म्हणालो, वय असतं. दिवाळीला ती आली, तर दादा गाडीत बसायलाच तयार नव्हता. "ऐकू येत न्हाई तिथं कशाला बसू?" तिनं त्याला जालन्याला आणून कान तपासले. डॉक्टर म्हणाले, उजवा कान उत्तम आहे, काही झालेलं नाही. मी शेजारच्या खुर्चीवरच होतो. बाहेर आल्यावर दादा लेकीला म्हणाला, "डॉक्टर सांगत्यात पैशे घेऊन. माझ्या भावानं सांगितलंय. त्यो मला खोटं बोलायचा न्हाई."

त्या वेळी बोलायला हवं होतं. मी चप्पल घालायला वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.

नंतर सांगायचं ठरवून मी कितीदा गावी गेलो. एकदा आम्ही दोघंच बागेत बसलो होतो. माझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून त्यानं खाट फिरवून उजवा कान माझ्याकडं केला.

"दादा, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"...झाडं सुकल्यासारखी वाटतात. पाणी कमी पडतंय का?"

"पाणी बराबर हाय," तो म्हणाला आणि आणखी काही येईल म्हणून माझ्याकडं बघत राहिला. त्या हिवाळ्यात एका सकाळी तो उठलाच नाही. पेटीला त्यानं पुन्हा हात लावला नव्हता.

त्या दिवशी खाटेवर बसून मला एवढंच म्हणायचं होतं: दादा, तुझा कान चांगला आहे. आवाज माझ्या हातून गेला, चिमटा ढिला होता, तू म्हणाला होतास. लाज वाटली म्हणून मी तुझ्या कानावर ढकललं. सूर तुला अजून बराबर कळतो. मला माफ कर.