गजाचा कंदील

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला मी दहावीच्या गणिताचे खरे मार्क सांगून बसलोय, म्हणजे बघा. तुम्हालाच का सांगतोय? — ते मलाही ठाऊक नाही. ऐका फक्त.

मी पुण्यात मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत किल्ले रचतो. परदेशी किल्ले. बर्फ, बुरूज, चिलखतं. प्रत्यक्षात मी पाहिलेला बर्फ म्हणजे जिंतूरच्या स्टँडवरचा लाल गोळा. पण आव असा, की जणू बालपण गेलं हिमवादळात.

खरं बालपण सरलं ते परभणीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात. मी आणि गजा — चुडावा गावचा गजानन, माझा शाळेतला दोस्त. दुकानदार वैतागून पंखा बंद करायचा, आम्ही घामानं निथळत खेळत राहायचो. त्या घामाचा, गरम प्लास्टिकचा वास अजून कुठं अचानक आला तर मी थांबतो. पडद्यावर कायम कुठलं तरी वाळवंट, कुणाला तरी गोळ्या. एकदा गजा म्हणाला, "सदा, आपुन निस्त्या लोकाच्याच लढाया लढायलोत. आपल्या मुलखात काय कमी झाल्या का?"

मी हसलो. हरणारा माणूस असंच बोलतो. — हरत होता, ते खरंच होतं.

पण त्यानं ते डोक्यात घेतलं. पुढं मी पुण्याला गेलो, त्यानं पूर्णेला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि रिकाम्या वेळात खेळ रचत बसला. निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस, गावोगाव रझाकारांचं भय. गोष्ट त्याच्या आज्याची. चुडाव्यात आज्याच्या घरात पेव होतं — जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार. पेवात हवा कोंडून विषारी होते, म्हणून आधी दोरीनं कंदील सोडायचा. विझला, तर उतरायचं नाही. आता विचार करा — वेशीत रझाकार, आणि खाली कंदील फडफडतोय. उतरायचं की नाही?

आज्याचं अख्खं घर पेवात उतरलं. शेजारच्या मदारचाचानं श्वासापुरती फट ठेवून पेवाच्या तोंडावर कडबा रचला आणि वर बसून दोरी वळत राहिला. रझाकार येऊन विचारून गेले. चाचाचा हात थरथरला नाही.

गजाच्या खेळात आपण मदारचाचा असायचं. बंदूक नाही, घोडा नाही. समोर माणसं दरडावतायत आणि आपण दोरी वळायची. हात थरथरला की खेळ संपला. फोनवर हे सांगताना गजाचा आवाज चढायचा — "कुनाला मारायचं न्हाई सदा, निस्तं वाचवायचं! लय भारी हुईल." कंपनीत सांग म्हणाला. मी हो म्हणालो.

सांगितलं का? सांगतो, तिथंच येतोय.

माझ्या किल्ल्याच्या तळघरात काही रंगत येत नव्हती. साहेब म्हणाले, काही तरी नवं दे. मी — कसं सांगू — मी तळघरात दोरीनं कंदील सोडला. विझला, तर उतरायचं नाही. साहेब खुर्चीतून उठले. सुचलं कसं, म्हणून विचारलं. मी म्हणालो, असंच. गजाचं नाव जिभेवर होतं का? होतं. चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

एवढ्यावर थांबलो असतो, तर चोर म्हणून सुटलो असतो.

कंपनीचा खेळ बाजारात आला तसा गजाचा फोन. मी घाबरत उचलला. तो हरखलेला! "आरं, त्या लोकाच्यातबी पेव हाय की! कंदीलबी सोडायलेत! असतेत का रं तिकडं?"

काय सोपं होतं तेव्हा. शिवी खाल्ली असती, संपलं असतं. पण मी म्हणालो, "असतात रे. थंडीमुळं खोल खणतात." वर आणखी बटाटे साठवतात, असंही ठोकलं. गजाला ते पटलं. मग म्हणाला, "मंग आपलं नवं काय ऱ्हायलं? लोक म्हंतील, नक्कल केली."

मी म्हणालो, "बघ बाबा."

त्यानं बघितलं. स्वतःचा खेळ टाकून दिला.

मधे पूर्णेला गेलो, तर तो गिऱ्हाइकांना माझा किल्ला दाखवत होता — आमच्या सदानं केल्याला हाय म्हणून. मी शेजारी बसून चहा प्यालो, साखर जास्त झाली म्हणालो. माझ्या किल्ल्यात कंदील आहे, तळघर आहे. वर दोरी वळत बसलेला माणूस नाही. तो चुडाव्यातच राहिला.

त्या दिवशी बटाट्यांची थाप मारताना फोन धरलेला माझा हात मला अजून दिसतो. तोही थरथरला नव्हता.