बापूरावांचा गोळा

बापूराव कोणाच्याही दारात आधी थांबायचे आणि विचारायचे, "लाईन क्लिअर हाये का?" आतून "हाव" आलं तरच पाय उचलायचे. जलंब-खामगाव लाईनवर त्यांनी जन्मभर सांधेवाल्याची, म्हणजे रूळ बदलून द्यायची, नोकरी केली आणि रिटायर होऊन राहायला आले आमच्या चिखलीत, जिथे रेल्वेच नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. त्यांनी मला आणि युसूफभाई पत्रेवाल्याला धरलं. "माह्या जवानीतली लाईन बनवू. जशीच्या तशी." मी सुतार, चौथी नापास. माझ्या छपरीत दोन वर्षं ते काम चाललं. फळ्यांवर रूळ, पत्र्याचं इंजिन, कापसाच्या इवल्या गाठी. मी चाक फिरवलं की दोरीनं गाडी ओढली जाईल, अशी सोय. खामगावच्या फलाटावर मी हौसेनं लिंबाचं झाड लावलं, तर त्यांनी उपटलं. "हे तवा नव्हतं बे. माह्यासमोर लावलं मंग."

माझी बायको कौसल्या जलंबकडची. नवरी होऊन ती याच गाडीनं खामगावला आली, पुढं बैलगाडीनं चिखलीला. तिला दम लागायचा, दवाखाना चालू होता. ही गाडी चालताना पाहायची, एवढंच तिच्या मनात होतं.

पण बापूराव गाडी हलू देईनात. एकेरी लाईनवर स्टेशन मास्तर ड्रायव्हरला लोखंडी गोळा देतो, तेव्हाच गाडी निघते. पुढच्या स्टेशनात तो जमा होईपर्यंत दुसरी गाडी नाही. युसूफभाईनं पत्र्याचा गोळा करून दिला. बापूराव म्हणाले, "पोकळ हाये. चालत नाही."

संक्रांतीला कौसल्या छपरीत आली आणि तिनं त्यांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. "घ्या भाऊजी, भरीव हाये. दात पडंन, पन गोळा फुटनार नाही."

बापूरावांनी तो फळीवर ठोकून पाहिला. मग मला दिला. "ड्रायव्हर, निंघा."

गाडी दहा हात गेली. कौसल्या पोरीसारखी टाळ्या वाजवत होती. आणि मी? संक्रांतीचा दिवस, हातात तिळगूळ. खामगाव येईपर्यंत खाऊन टाकला.

"गोळा?" बापूरावांनी हात पुढं केला.

"पोटात गेला."

"मंग लाईन बंद."

कौसल्या दुसरा आणायला निघाली. "दुसरा चालत नाही वैनी. जो निंघाला थोच जमा व्हा लागते."

"मंग उद्या सकाळी याच्या मांगं मांगं जा," युसूफभाई म्हणाला. बापूराव हसले नाहीत.

उन्हाळ्यात ती खाटेला लागली. "येक डाव चालवा न भाऊजी."

"वैनी, नियम मीच मोडला त ड्रायव्हर कोनाचं आयकन?"

मी त्यांना आईवरून शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. श्रावणात कौसल्या गेली. गाडी हलली नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी बापूराव आले. दारात थांबले, पण विचारलं काहीच नाही. हातात तिळाचा लाडू होता. वाकडा, एका अंगानं जळका. हा एकटा माणूस, चहासुद्धा हॉटेलात प्यायचा.

"गोळा सापडला," म्हणाले.

"कुठं?"

"चौकशी नोको करू बे. जमा करून घे."

मी तो खामगावच्या फलाटावर जमा केला. त्यांनी तोच परत माझ्या हातात दिला. "खामगाव ते जलंब. निंघा."

गाडी गेली. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. जलंबला मी लाडू न खाता डबीत ठेवला. जन्मात एवढा एकच नियम मी पाळला.

पुढच्या साली बापूरावही गेले. लाईन अजून छपरीत आहे. लोक येतात, म्हणतात, "बुवा, चालवून दाखवा न." मी डबी उघडून दाखवतो. लाडू मुंग्यांनी केव्हाच नेला.

गोळा नाही, तर गाडी नाही.