पाळीवरचं वळण

पौषातल्या एका सोमवारी सकाळी दादा गाडीसह तलावात गेला. दुपारी त्याला बाहेर काढलं. गाडी संध्याकाळी बैलांनी ओढून काढली. मंगळवारी मी चावडीवर पंचांसमोर सांगितलं, की शर्यतीआधी शेठच्या ड्रायव्हरला गाडीच्या मागच्या चाकाशी बसलेलं मी पाहिलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गोंदियाच्या एका तांदळाच्या गिरणीत तो इंजिनवर होता. मी गावच्या शाळेत मास्तर. घरी धानाची शेती, आणि बाबांचा जीव शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत. पटाला जोडी न्यायची तर आदल्या दिवसापासून बाबा बैलांपाशी ठाण मांडून बसत. कोणी काही खाऊ घालेल, कोणी खुरात काटा रुतवेल. कोणी येऊन म्हणालं, ‘पाटील, तुमचा डावा बैल लंगडून राहिला,’ तर बाबा त्याच्याकडेच रोखून बघत. पटावर समोरच्याचा शब्द कधी खरा धरायचा नाही, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

गोंदियाच्या एका बिडीवाल्या शेठची मोटर साजाच्या झाडावर आदळली. शेठने दादाकडून दुसऱ्या मोटरचं काम करून घेतलं आणि हा सांगाडा त्याला देऊन टाकला. दादाने तो बैलबंडीला बांधून घरी आणला. मागची सीट, दारं, टप, सगळं उतरवलं. सांगाडा दीड हात कापून जोडला. चालवायचं चक्र उजव्या बाजूला होतं ते मध्ये घेतलं, त्यासाठी वाकवलेला दांडा लोहाराकडून तीनदा करून घेतला. बसायची जागा एकच आणि इतकी खाली, की बसल्यावर हात रस्त्याला टेकेल. बुरुडाने बांबूच्या कमच्यांचा साचा विणला आणि त्यावर आम्ही रॉकेलच्या डब्यांचे पत्रे ठोकले. मागे गाडी निमुळती होत गेलेली. शाळेच्या फळ्यावर मी तिची मापं काढून देत असे. नागपूरहून मागवलेलं मोटरविद्येचं एक पुस्तक होतं, ते वाचून दाखवत असे.

ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. चाकाच्या आतल्या अंगाला लोखंडी डबा, डब्यात दोन पट्टे. पाय दाबला की पट्टे डब्याला घासतात आणि चाक थांबतं. पट्टे कसायला डब्याला बोट जाईल एवढं एक छिद्र होतं. मी म्हणालो, पुढच्या चाकांनाही हवेत. दादा म्हणाला, “वजन वाढवायले तुह्या पुस्तकाले काय जाते?”

गावात थट्टा चाले. शेजारचे काका म्हणाले, “एकट्यानं बसायची गाडी काऊन बनवली रे? एकटा तं माणूस तिरडीवर जाते.”

“तिरडीले चार जण लागतेत, काका,” दादा म्हणाला. “हिले एकही नाही लागत.”

पहिली शर्यत बालाघाटच्या रस्त्यावर, शेठच्या नव्या मोटरशी. ती त्याचा ड्रायव्हर चालवत होता, रायपूरकडचा, अबोल माणूस. अर्ध्या वाटेत आमचं पाणी उकळलं आणि आम्ही हरलो. दादाने पुढचा पत्रा कापून हवेचं तोंड मोठं केलं. दुसऱ्या वेळी गाडी अशी निघाली, की वळणावर धूळ बसेपर्यंत शेठची मोटर दिसलीच नाही. ड्रायव्हर उतरून आला, गाडीच्या पत्र्यावर हात फिरवत म्हणाला, “वाह उस्ताद.” पण शेठ सगळ्यांदेखत त्याला वाट्टेल ते बोलला. तेव्हापासून बाबा त्या माणसाला पारखून बघू लागले, आणि खरं सांगायचं तर मीही.

तिसरी शर्यत आमच्या गावी ठरली. शाळेच्या मैदानातून निघायचं, सरळ रस्त्याने तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढायचं, पाळीच्या टोकाला वळून परत यायचं. आदल्या दिवशी दादाने गाडी मैदानात आणून लावली. बाबा तिच्याजवळ घोंगडी टाकून बसले ते सकाळपर्यंत. पान खायलाही उठले नाहीत.

सकाळी मी वर्गाच्या खिडकीत होतो. दादा आंघोळीला घरी गेला होता. शेठचा ड्रायव्हर आला, मागच्या चाकाशी उकिडवा बसला, हात आत घातला आणि बोटं नाकाशी नेली. मग बाबांना काहीतरी म्हणाला. बाबा काठी घेऊन उठले. तो मागे सरला, धोतराला बोटं पुसत निघून गेला. एवढंच मी पाहिलं. त्यानंतर तासाभरात गाडी पाळीवर चढली. वळण आलं, ती हळू झाली नाही.

मी पाहिलं तेवढंच पंचांना सांगितलं. पण मास्तरने सांगितलं म्हणजे उरलेलं लोकांनी भरून घेतलं, आणि मी ते भरू दिलं. त्या माणसाला शेठने काढलं. आमच्या गावच्या पोरांनी त्याला गोंदियाच्या बाजारात मारलं. मग तो दिसेनासा झाला.

सहा वर्षं गाडी आमच्या गोठ्यात पडून होती. बाबा तिच्याकडे बघत नसत. गेल्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याने रबरी चाकांची बंडी करायला तिची चाकं मागितली. लोहाराने मागचं एक चाक उतरवून डबा उघडला, तर आत काळा, वाळलेला लगदा. मी तो नखाने खरवडून बोटांवर चोळला. एरंडेल आणि तणशीची, धानाच्या पेंढ्याची, राख. मोटरवाला असलं काही वापरत नाही. हे बंडीचं वंगण होतं. आमच्या घरचा रिवाज आहे, गाडी लांब निघाली किंवा पटावर उभी राहिली की घरातल्या वडीलधाऱ्याने आपल्या हाताने चाकात वंगण घालायचं. त्याशिवाय गाडी हलत नाही. बाबांच्या छकड्याखाली वंगणाचा बांबूचा नळा नेहमी टांगलेला असे. दादा आंघोळीला गेला तेव्हापासून ड्रायव्हर येईपर्यंत मैदानात बाबांशिवाय कोणी नव्हतं. डब्याचं छिद्र त्यांना वंगणाचंच वाटलं असणार.

ड्रायव्हरचा पत्ता लागायला महिना गेला. तो तिरोड्याला गिरणीत पोती वाहत होता. त्याच्या घरी जाऊन मी कागदात बांधलेला लगदा त्याच्यापुढे ठेवला. त्याने वासही घेतला नाही.

“मैंने तो उसी दिन कहा था,” तो म्हणाला. “बाबूजी, पहिए में तेल है, ब्रेक नहीं लगेगा, पोंछ दो.”

“बाबा काय म्हणाले?”

“बोले, मेरी गाड़ी धीमी करने आया है.”

मी हात जोडले. त्याने ते खाली केले. “मास्टरजी, मेरे घर में मत बोलिए. जहाँ पहले बोले थे, वहाँ बोलिए.”

जिथे आधी बोललो होतो तिथे बाबा रोज संध्याकाळी बसत. मुलगा दुसऱ्याने मारला, या एका गोष्टीवर ते सहा वर्षं उभे होते. ती काढून घेतली तर काय होईल, याचा विचार करत मी पंधरा दिवस घालवले. आपणच घाबरतो आहोत आणि त्याला बाबांची काळजी म्हणतो आहोत, असा मला माझाच संशय आला. सोळाव्या दिवशी चावडीवर गेलो. पंचांपैकी तिघे हयात होते. कागद उघडून ठेवला आणि सगळं सांगितलं.

बाबांनी लगदा हातात घेतला. अंगठ्याने चोळला.

“माह्याच हातचं हाय,” ते म्हणाले. “थो सांगून राहिला होता मले. मी म्हटलं, डाव हाय याचा.”

मग त्यांनी विचारलं, “थो कुठी रायते आता?” मी सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी पहाटे एकटेच तिरोड्याला गेले, संध्याकाळी परत आले. तिथे काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ड्रायव्हर तिरोड्यालाच आहे, पोती वाहतो. बाबा या वर्षी पटाला गेले नाहीत. वंगणाचा नळा त्यांनी छकड्याखालून सोडून ठेवला आहे. गाडी गोठ्यात आहे, तीन चाकांवर.