लग्नाच्या बायोडाट्यासाठी प्रिंटर

“पाय बरं पोरी, हे पोरगी दिसून राह्यली का पोरगा?” कमलाबाईंनी काउंटरवर झेरॉक्सचा कागद ठेवला.

चेहरा मुलीचाच होता. पण नाकाखालची सावली इतकी काळी झाली होती की सरळ मिशी वाटत होती. हा बायोडाटा किनवटच्या स्थळाला गेला होता. तिकडून निरोप आला, मुलाचा नको, मुलीचा फोटो पाठवा. ती मुलगी, कमलाबाईंची पुतणी रेखा, मागेच उभी होती. तोंडाला ओढणी लावून हसत होती.

नव्वदीच्या दशकाची अखेर. आदिलाबादच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी विक्री आणि दुरुस्ती दोन्ही बघायचे. कमलाबाई आणि त्यांचे यजमान देवराव यांचं बेला गावात बियाण्यांचं दुकान होतं. आंध्र-महाराष्ट्र हद्दीच्या दोन्ही बाजूंची लग्नं जुळवायची दोघांना हौस. हैदराबादला शिकणाऱ्या मुलाने जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला होता. आता बायोडाटे आणि दुकानाची पत्रं घरीच छापायची होती. रेखासाठी पांढरकवड्याचं स्थळ थांबलं होतं, म्हणून घाई.

“सर्वात सस्ता प्रिंटर द्या,” सोबत आलेले देवराव म्हणाले.

डॉट मॅट्रिक्स बाद होता. तो रिबिनीवर टिंब टिंब ठोकून अक्षरं उमटवतो, फोटोला कामाचा नाही. लेझर तेव्हा घरगुती गिऱ्हाइकाला परवडायचा नाही. राहिला इंकजेट, म्हणजे शाईचे बारीक थेंब उडवणारा. त्यातले दोन दुकानात होते. स्वस्तातला बरेच दिवस पडून होता. मालक लगेच पुढे झाले.

“ये ले जाओ. फोटो एकदम फर्स्ट क्लास!” त्यांनी कंपनीचा नमुना दाखवला. पोपटाचा फोटो, चकचकीत.

मी म्हटलं, “आधी रेखाचा छापू.” त्यांनी आणलेला मूळ फोटो स्कॅन केला, बायोडाटा टाइप केला आणि मालकांनी पुढे केलेल्या कंपनीच्या चकचकीत कागदावर छापला.

“फोटो तं झकास,” देवराव म्हणाले.

कमलाबाईंनी कागद उजेडात धरला. “पण अक्षरं काऊन हिरवट?”

मालकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. नोकरी नवी होती. तरी सांगितलं, “याच्यात काळी शाई नाही. तीन रंग मिसळून काळा करतो. तुम्ही साधं पत्र छापलं तरी रंगीत शाई संपणार.”

दुसऱ्याची किंमत थोडी जास्त होती, पण त्यात काळ्या शाईची डबी वेगळी बसायची. त्यातून साध्या कागदावर छापलं. अक्षरं काळीभोर. फोटोत मात्र शाई कागदात पसरली आणि गाल फुगले.

“काकू, मले गालगुंड झाले का?” रेखा म्हणाली. मालकसुद्धा हसले.

दोष कागदाचा होता. साधा कागद शाई पितो. मी फोटोचा जाड, लेप दिलेला कागद घातला. या वेळी रेखा स्वतःकडे बघतच राहिली. “आता मी दिसून राह्यली,” ती हळूच म्हणाली.

कमलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “आता हाच घ्या.”

जाड कागद फक्त बायोडाट्याला, पत्रांना साधा, असं ठरवून देवरावांनी तो घेतला. दर आठवड्याला एखादं पान छापा, नाहीतर उन्हाळ्यात शाई वाळून छिद्रं बंद होतात, एवढं मी बजावलं.

ते गेल्यावर मालक म्हणाले, “और वो पुराना पीस? तुम लोगी?”

तो पुढे निर्मलच्या एका खेळणीवाल्याने नेला. त्याला खोक्यांवर चिकटवायला नुसती रंगीत चित्रं हवी होती.

पांढरकवड्याचे पाहुणे आले. रेखाला मुलगा आवडला, लग्न ठरलं. देवराव पत्रिका द्यायला दुकानात आले, तर ती छापखान्यातली.

“घरी नाही छापली?”

“एवढ्या पत्रिका? आमची शाई काऊन संपवू?”

गिऱ्हाईक चांगलं तयार झालं होतं. प्रिंटर घ्यायला जाताना आपला फोटो आणि आपला कागद सोबत न्यावा. पोपट सगळ्याच प्रिंटरमधून चांगला निघतो.